बुद्धिबळ क्लबची गाय

हॅगर्टी हायस्कूलच्या बुद्धिबळ क्लबात एकूण चार मुलं होती, आणि त्यातलं एक नुसतं बसची वाट बघायला येऊन बसत असे. अमुंडसन सर मात्र कुणी विचारलं की "चार-पाच आहेत" असं सांगत. पाचवे म्हणजे ते स्वतः.

लोवेल अमुंडसन हे इतिहासाचे शिक्षक. नेब्रास्कातल्या त्या गावात इतिहास शिकवणाऱ्या माणसाला जेवढा मान मिळायचा तेवढा त्यांना मिळत होता, म्हणजे फुटबॉलच्या पोरांची बस चालवायची वेळ आली की त्यांची आठवण निघे. पण मंगळवारी शाळा सुटली की व्यायामशाळेशेजारच्या अडगळीच्या खोलीत ते दोन पट मांडत, आणि मग तासभर त्या खोलीत त्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नसे. त्या तासाच्या जिवावर ते आठवडा काढत. हे त्यांनी बायकोलाही कधी बोलून दाखवलं नव्हतं. व्हर्नाला ते ठाऊक होतंच, कारण मंगळवारी ते शीळ घालत घरी येत आणि एरवी येत नसत.

तर शाळा सुरू होऊन थोडे दिवस झाले असतील नसतील, मुख्याध्यापिका स्टट्झमन बाईंनी त्यांना बोलावून घेतलं. बाई तशा वाईट नव्हत्या. त्यांना नियम आवडायचे, इतकंच.

"बसा लोवेल. क्लबांच्या खोल्यांचं जरा बघायचंय. नियम असा आहे, की प्रत्येक क्लबाने वर्षातून एक तरी कार्यक्रम असा करायचा, की ज्याला गाव येईल."

"मागच्या वर्षी केला की. मी एकाच वेळी सगळ्या मुलांशी खेळलो. ग्रंथालयात."

"किती माणसं आली होती?"

"दोन."

"त्यातली एक व्हर्ना. आणि दुसरं कोण?"

"दुसरे गृहस्थ बाथरूम शोधत आले होते. पण थांबले ते. बराच वेळ थांबले."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चीअर क्लबच्या, म्हणजे सामन्यात संघासाठी नाचणाऱ्या मुलींना त्यांचे चकचकीत गोंडे ठेवायला जागा नव्हती आणि त्या मुलींच्या आया स्वभावाने फार चिकाटीच्या होत्या. ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारपर्यंत गाव जमवून दाखवा, नाहीतर सोमवारी खोलीची किल्ली आणून द्या, असं बाईंनी अगदी गोड आवाजात सांगितलं. बुद्धिबळ हरलं असतं तर सरांना इतकं लागलं नसतं, पण ते गोंड्यांपुढे हरणार होतं.

आणि प्रश्न काही एकट्या सरांचा नव्हता. क्लबचा अध्यक्ष मायलो प्रुइट यंदा शेवटच्या वर्षाला होता. शेवटच्या वर्षाच्या मुलांचा जीव कशात असतो तर वार्षिक अंकात. तिथे आपल्या फोटोखाली कोणकोणते क्लब छापून येतात, यावर हॅगर्टीत माणसाची किंमत ठरते, आणि चाळीस वर्षांनी हार्डवेअरच्या दुकानात भेटले तरी लोक तीच ठरवलेली किंमत धरून बोलतात. मायलोच्या फोटोखाली एकच ओळ यायची होती: अध्यक्ष, बुद्धिबळ क्लब. त्याच्या आईने ओमाहातल्या आजीला ती फोनवरून आधीच कळवून टाकली होती. क्लब बुडाला तर त्या पोराच्या फोटोखाली नुसता पांढरा कागद राहणार होता.

शेजारी अर्ल विटकॉम याच्या कानावर ही बातमी सरांच्या आधी गेली असावी, कारण सर घरी पोचले तेव्हा तो दाताळं टेकून कुंपणाशी उभाच होता. अर्लची सगळी उमर धान्याच्या कोठारावर गेली होती. निवृत्त झाल्यापासून तो पानं गोळा करत असे आणि सल्ले देत असे, पण पानांकडे त्याचं लक्ष कमी असे.

"पॅनकेकचा नाश्ता ठेवा, मास्तर."

"तो आगीच्या बंबवाल्यांचा असतो."

"मग राजम्याची चिली ठेवा. वर दालचिनीचा रोल."

"ती बँडवाल्यांची."

"बिंगो?"

"चर्चचा."

अर्लने दाताळं खाली ठेवलं. "हे बघा मास्तर, मी स्पष्ट बोलतो, राग मानू नका. या गावात माणूस दोनच गोष्टींना घराबाहेर पडतो. एक खायला असेल तर, नाहीतर जनावर असेल तर. तुमच्या त्या खेळात घोडा आहे ना?"

"आहे."

"मग गाय का नको?"

सरांना हे फार लागलं. त्यांच्या मनात काही वेगळंच होतं. मैदानावर मोठा पट आखायचा, मुलांना राजा-राणीचे पोशाख घालून घरांत उभं करायचं, आणि एक जुना नामांकित डाव गावासमोर जिवंत खेळून दाखवायचा. कल्पना देखणी होती. तिला बत्तीस मुलं लागत होती आणि सरांकडे चार होती, त्यातलं एक बस आली की डाव सोडून जाणार होतं.

शेवटी अर्लचंच खरं झालं. शाळेत एक शेतकी क्लब होता आणि त्याचा दर शरदात एक कार्यक्रम व्हायचा. मैदानावर चौकोन आखायचे, एकेक चौकोन लोकांनी विकत घ्यायचा, मग गाय सोडायची. ती ज्या चौकोनात शेण टाकेल तो चौकोनवाला जिंकला. नाताळलासुद्धा गाव इतक्या उत्साहाने जमत नसे. मागच्या वर्षी मात्र चौकोन वाकडे आखले गेले, दोन सख्ख्या साडूंत मारामारी झाली, आणि ते अजून चर्चमध्ये वेगवेगळ्या बाकांवर बसत होते. त्यामुळे सरळ रेघ मारणाऱ्या माणसाची शेतकी क्लबाला फार गरज होती.

"तुमच्याकडे चौकोन आहेत, त्यांच्याकडे गाय आहे," स्टट्झमन बाई म्हणाल्या. "एकत्र करा, दोघांच्या नावावर धरते."

 यावर सर बोलले ते घरी जाऊन.

"शेण, व्हर्ना. राजे-महाराजे जो खेळ खेळले, सेनापती तंबूत बसून जो खेळ खेळले, त्या पटावर शेण."

व्हर्ना कॅसरोल ओव्हनमधून काढत होती. "गोंड्यांपेक्षा बरं," ती म्हणाली.

मग सरांनी आपल्या अटी घातल्या, कारण माणसाचं सगळं गेलं तरी अटी घालायची हौस जात नाही. चौकोन चौसष्टच असतील. त्यांना नंबर नाहीत, पटावरची खरी नावं असतील, ए-एकपासून एच-आठपर्यंत. पंच सर स्वतः, आणि त्यांचा निर्णय शेवटचा. शेतकी क्लबची अध्यक्ष ब्रीटा होल्मक्विस्ट ही शेवटच्या वर्षाची धिप्पाड, शांत मुलगी होती. गाय तिच्याच गोठ्यातली, नाव क्लॅरिस. ब्रीटाने अटी नीट ऐकून घेतल्या आणि म्हणाली, "चालेल सर. क्लॅरिसला काही फरक पडत नाही."

बक्षीस म्हणून बाईंनी वर्षभरासाठी शाळेतली गाडी लावायची पहिल्या नंबरची जागा काढली, अगदी दाराशेजारची. शुक्रवारी रात्री फुटबॉलचा सामना असला की त्या जागेसाठी हॅगर्टीतली सभ्य माणसं काय काय करत, ते इथे सांगण्यात अर्थ नाही. चौकोन दोन दिवसांत संपले. एफ-एक फुटबॉलच्या कोच रस्कने घेतला. अर्लने सी-तीन. डी-पाच खुद्द स्टट्झमन बाईंनी, "आपला सहभाग म्हणून" घेतला. आयुष्यात प्यादं हातात न धरलेली माणसं किराणाच्या दुकानात "माझा जी-सहा" म्हणून एकमेकांना टोमणे मारू लागली, आणि ते ऐकायला मिळावं म्हणून सर काही कारण नसताना दोनदा दूध आणायला गेले.

अडचणी मग रीतसर सुरू झाल्या. आधी विमा. शाळेच्या विम्यात जनावर बसत नव्हतं. अपवाद एकच होता, संघाचं बोधचिन्ह. आता हॅगर्टीचा संघ म्हणजे बॅजर्स, आणि बॅजर हे बिळात राहणारं कुत्र्याएवढं जनावर. दोन दिवस फोनाफोनी झाली आणि अखेर क्लॅरिसची नोंद 'तात्पुरता बॅजर' अशी झाली. विमावाल्यांचं एकच मागणं होतं, तिच्या अंगावर संघाची जर्सी असावी. कोचने सगळ्यात मोठ्या मापाची दिली. ती तिच्या मानेच्या पुढे गेली नाही, तेव्हा ती गळ्यात रुमालासारखी बांधायचं ठरलं.

मग राजधानीतलं जुगारखातं, कारण अशा सोडतीला त्यांची परवानगी लागे. तिथल्या बाईंनी फोनवर विचारलं, हा खेळ नशिबाचा की कौशल्याचा?

"बुद्धिबळात नशिबाला जागा नाही," सर ताठ बसून म्हणाले. अशी संधी त्यांना पुन्हा कधी मिळणार होती?

"म्हणजे कौशल्याचा. मग तुमचा अर्ज चुकला. गाईला प्रशिक्षण दिलंय का?"

"गाईला? नाही, गाय आपली नुसतीच."

"पण कौशल्य तर गाईचंच ना?"

यावर सरांनी बुद्धिबळ आणि गाय यांतला फरक सविस्तर समजावून सांगायला घेतला. त्यांचं संपलं तेव्हा त्या बाईंनी त्यांना दुसऱ्या विभागाकडे जोडून दिलं. शेवटी ब्रीटाने फोन घेतला, "नशिबाचा, मॅडम," एवढं म्हणाली आणि परवानगी आली. 

आता मैदान. मुख्य मैदानावर गाय घालू द्यायला कोच रस्क मेला तरी तयार झाला नसता. त्याने पाण्याच्या टाकीमागचं सरावाचं जुनं मैदान दिलं. तिथे कुणी फिरकत नसल्यामुळे गवत घोट्याच्या वर आलं होतं. ते गवत बघून सरांना ती कल्पना सुचली.

"नुसत्या चुन्याच्या रेघा मारू ना सर," मायलो म्हणाला.

"मायलो, पट म्हटला की काळं-पांढरं हवं. पांढरी घरं बारीक कापायची, काळ्या घरांतलं गवत तसंच वाढलेलं ठेवायचं. लांबून बघ कसा दिसतो."

अर्लने आपलं बसून चालवायचं गवतकापणी यंत्र आणलं आणि दोघांनी मिळून दोन दिवस ते काम केलं. शुक्रवारी संध्याकाळी सर लाकडी बाकांच्या सगळ्यात वरच्या पायरीवर चढले. खाली पट पसरला होता. गर्द घर, फिकं घर, गर्द घर, फिकं घर, एकाही रेघेत वाकडेपणा नाही.  इतकं सुंदर काम आपल्या हातून कधी झालं नव्हतं, असं त्यांना वाटलं आणि ते खरंही होतं. ब्रीटा खाली उभी राहून पटाकडे बघत होती. तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग सरांचा चेहरा पाहून मिटलं.

शनिवारी सगळं गाव लोटलं. घडीच्या खुर्च्या आल्या, कॉफीचे थर्मास आले, पिकअप गाड्यांची मागची फळकुटं पाडून लोक वर चढून बसले. ते दोन साडूसुद्धा आले, आणि समोरासमोर बसले. सरांनी माइक हातात घेऊन खेळाचा इतिहास सांगायला सुरुवात केली. ते जेमतेम पर्शियापर्यंत पोचले होते, एवढ्यात मागून कुणीतरी "गाय सोडा" म्हणालं आणि त्याला मोठा पाठिंबा मिळाला.

क्लॅरिस गळ्यात जर्सी बांधून आत आली. तिने एकदा गावाकडे पाहिलं, पटाकडे पाहिलं, बी-दोनवर गेली आणि मान खाली घालून चरू लागली. बी-दोन संपल्यावर ती सी-तीनवर गेली. तिथून डी-चार.

"तिरकं चालली," माइकवरून सर म्हणाले. त्यांना राहवलं नाही. "उत्तम चाल."

डी-चारवरून ती ई-तीनवर आली, आणि तेव्हा कोच रस्क उठून उभा राहिला.

"थांबा. ही नुसती काळ्यांतच जातेय."

लोकांच्या ते एकदम लक्षात आलं. पांढऱ्या घरांत गवत नव्हतं. गाय तिकडे कशाला जाईल? ती पांढरं घर नुसतं ओलांडायची, कोपऱ्यावरून, आमच्याकडे लोक नावडत्या नातेवाइकाच्या घरावरून जातात तसं, आणि पुढच्या काळ्यात जाऊन निवांत चरायची. अर्धं गाव पांढऱ्यांचं मालक होतं.

"हा उघड घोटाळा आहे, अमुंडसन."

"गायच ती कोच, चरणारच," अर्ल सी-तीनचा मालक असल्यामुळे समजूतदारपणे म्हणाला.

"तू बोलू नकोस. गवत तूच कापलंस."

सर ब्रीटाजवळ गेले. "हे तुला आधी माहीत होतं?"

"हो सर."

"मग सांगायचं नाही?"

"तुम्ही वर चढून बघत होतात ना," ब्रीटा म्हणाली. "मला सांगवेना."

 गावाचे तोवर दोन तट पडले होते. काळे इकडच्या बाकांवर, पांढरे तिकडच्या. नवरा पांढरा आणि बायको काळी अशी घरंही होती, ती मधेच उभी राहून भांडत होती. पांढऱ्यांनी गाईला आपल्याकडे बोलवायला ओटच्या दाण्यांची बादली वाजवायला सुरुवात केली, तेव्हा काळ्यांनी हरकत घेतली. क्लॅरिस चरत राहिली आणि बाकी तिच्याकडून काहीच होईना. स्टट्झमन बाई खुर्चीत ताठ बसून डी-पाचकडे एकटक बघत होत्या आणि त्या चेहऱ्यावर सरांना सोमवारची किल्ली स्पष्ट दिसली. मायलो त्यांच्या शेजारी उभा होता.

"सर, पांढऱ्यांचं बरोबर आहे," तो हळूच म्हणाला. "डाव सारखा नाही."

तेही खरंच होतं. सरांनी माइक उचलला. "काळी घरं आत्ताच्या आत्ता कापून सारखी केली जातील. पंचांचा निर्णय. अर्ल, यंत्र घे."

अर्लची इच्छा नव्हती, पण गावासमोर यंत्र चालवायची संधी तो सोडणार नव्हता. त्याने यंत्र सुरू केलं आणि पटावर घातलं. त्या आवाजासरशी क्लॅरिसने मान वर केली. होल्मक्विस्टांच्या गोठ्यावर रोज सकाळी वैरण घेऊन असंच फटफटणारं यंत्र यायचं आणि गाईंनी त्याच्यामागे धावायचं, हा तिचा जन्मभराचा शिरस्ता. क्लॅरिस निघाली.

"अर्ल, मागे बघ," कुणीतरी म्हणालं.

अर्लने मागे बघितलं आणि यंत्राचा वेग वाढवला. क्लॅरिसनेही वाढवला. दोघं आठवी रांग ओलांडून पटाबाहेर पडले, पाण्याच्या टाकीला वळसा घालून फाटकातून गाड्यांच्या मैदानात शिरले. मागून ब्रीटा दोर घेऊन, तिच्यामागे सर माइक घेऊन, आणि त्यांच्यामागे काळे-पांढरे सगळं गाव. शाळेच्या दारापर्यंत गेल्यावर अर्लला पुढे रस्ता उरला नाही. त्याने यंत्र बंद केलं. क्लॅरिस थांबली. तिने इकडेतिकडे वैरण शोधली, ती दिसली नाही, आणि मग तिथेच, सकाळपासून दोरी लावून राखून ठेवलेल्या पहिल्या नंबरच्या जागेत, नेमकं मधोमध, तिने आपलं काम उरकलं.



"आता निर्णय काय, लोवेल?" स्टट्झमन बाईंनी धापा टाकत विचारलं.

सरांनी आजूबाजूला पाहिलं. सगळं हॅगर्टी त्यांच्या तोंडाकडे बघत होतं. इतकी वर्षं या गावात राहिले, पण इतक्या माणसांनी एकदम गप्प बसून त्यांच्या शब्दाची वाट कधी पाहिली नव्हती. त्यांनी माइक तोंडाशी धरला. त्याची वायर केव्हाच मैदानात तुटून राहिली होती.

"बुद्धिबळात कुणाचीच जीत होत नसेल," ते म्हणाले, "तर डाव बरोबरीत सुटतो."

"बरोबरी?" कोचला तो शब्द तोंडात धरवेना. "हॅगर्टीत बरोबरी नसते. निकाल लागेपर्यंत खेळतात."

"मग पुन्हा खेळावं लागेल."

"खेळू की. कधी?"

"आता ती दमली," ब्रीटा म्हणाली. "आणि नंतर बर्फ पडेल. पुढच्या वर्षी."

"चौकोन मात्र ज्याचे त्याचे," अर्ल यंत्रावरूनच म्हणाला, आणि यावर काळ्या-पांढऱ्यांचं त्या दिवसातलं पहिलं एकमत झालं.

सरांनी इथे गप्प बसायला हवं होतं. पण खोटं त्यांना साधत नसे. "पुढच्या वर्षी नाही होणार," ते म्हणाले. "तोवर क्लब नसेल. सोमवारी मला खोलीची किल्ली द्यायची आहे."

"नसेल म्हणजे?" कोच म्हणाला. "माझा एफ-एक आहे."

"माझा जी-सहा आहे," एक साडू म्हणाला. दुसराही म्हणाला, "माझा एच-सात." आणि मग चहूकडून लोक आपापली घरं सांगू लागले, पटावरच्या खऱ्या नावांनी, एकही न चुकता. सरांना वाटलं, आपल्याला रडू येतंय की काय.

सगळे स्टट्झमन बाईंकडे वळले. बाईंनी जर्सी बांधलेल्या गाईकडे पाहिलं, गावाकडे पाहिलं. "नियमात फक्त गाव आलं पाहिजे, असं आहे," त्या म्हणाल्या. "गाव आलंय. खोली राहू द्या. आणि डी-पाचवर माझं नाव आहे, ते खोडू नका." गोंडे मग कोचच्या ऑफिसात गेले, कारण तेवढ्या मोठ्या आवाजात क्लबची बाजू घेणारा दुसरा कुणी नव्हता.

मंगळवारी सर खोलीवर गेले तर आत पाय ठेवायला जागा नव्हती. पोरं खिडकीत बसली होती, कपाटावर बसली होती. अर्ल घरून खुर्ची घेऊन आला होता आणि "मी सी-तीनचा" म्हणून दारात सांगत होता. वार्षिक अंकाची मुलं फोटो काढायला आली ती क्लॅरिसला घेऊनच. फोटोत मधे गाय, तिच्या दोन्ही बाजूंना पोरं, कडेला सरांचा कोपरापासून पुढचा हात तेवढा, दोर धरलेला. मायलो मात्र पूर्ण आला होता, जर्सीच्या शेजारी, आणि त्याच्या स्वतःच्या फोटोखाली ओळ यायची ती येणारच होती.

सरांनी पट मांडला. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. "सर, गाय कधी चालायची?"

"गाय पुढच्या वर्षी," सर म्हणाले. "बस खाली. हा घोडा. हा अडीच घरं चालतो."

घरी येऊन त्यांनी टोपी खुंटीला अडकवली आणि व्हर्नाला ऐकवायला सुरुवात केली. काय ती पोरं, काय ते प्रश्न, एकालाही प्यादं सरळ धरता येत नाही, सगळ्यांना गाय हवी. खेळाचं मातेरं झालं, अर्ल तर राजालाच मारायला निघाला होता. हे असंच चाललं तर पट पुरणार नाहीत, आणखी चार मागवावे लागतील.

व्हर्नाने हो म्हटलं आणि जेवण वाढलं. अर्लच्या कुंपणापासूनच तिला त्यांची शीळ ऐकू आली होती.